लिलावांत निघालेल्या वस्तूंची पूर्वपीठिका : सेनासाहेबसुभ्यांच्या फिरंगेच्या निमित्तानें

१

ता. २९ एप्रिल २०२५ रोजीं लंडन येथील सोथबी या लिलावगृहांत एक मराठी तरवार विक्रीस निघाली व ती महाराष्ट्र सरकारनें मध्यस्थामार्फत विकत घेतली. हाताळणी, वाहतूक आणि विमा यांसह तिजबद्दल ४७ लक्ष १५ हजार रुपये खर्च आल्याचें सरकारनें प्रसिद्ध केलें. ता. १८ ऑगस्ट रोजीं तरवार मुंबईस पोंचली व लोकांस दाखविण्यांत आली. नागपूरकर भोसल्यांच्या राज्याचे संस्थापक पहिले रघोजी यांची ही तरवार होय, असें त्या वेळीं सांगण्यांत आलें. परदेशीं गेलेली वस्तु स्वदेशीं परत आली याचा आनंद सर्वांस झाला, व तो होणें योग्यच होतें.

परंतु समारंभ संपतो तेथें संशोधकाचें काम सुरू होतें. वस्तु हातीं आली म्हणजे तिचा इतिहास हातीं आला असें होत नाहीं. ती कोणाची, कोणत्या काळची, कोणत्या कोठींतून निघाली व कोणकोणत्या हातांतून फिरून विक्रीच्या मेजावर आली, हे प्रश्न वस्तूच्या किंमतीनें सुटत नाहींत. वस्तु परत मिळविणें हें अर्धें काम आहे. तिची पूर्वपीठिका जुळविणें हें उरलेलें अर्धें. आणि ही पूर्वपीठिका तुटते ती बहुधा लिलावांत, व जी थोडी शिल्लक राहते तीहि लिलावाच्याच कागदांत. म्हणून जुन्या वस्तूंचे व पोथ्यांचे जे संग्राहक आहेत, त्यांनीं लिलाव ही केवळ व्यापाऱ्यांची बाब न समजतां इतिहाससाधनांचें एक प्रकरण समजून तिकडे पाहिलें पाहिजे, एवढेंच प्रस्तुत टिपणांत दाखवावयाचें आहे.

२

आपल्याकडे जाहीर विक्रीस दोन शब्द रूढ आहेत. त्यांपैकीं लिलाव हा पोर्तुगीजांकडून आला, व हराज किंवा हर्रास हा अरबींतून. शब्द परके आहेत म्हणून वहिवाटहि परकी, असें मात्र समजूं नये. कौटिलीय अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणांत घर, शेत, बाग, तळें इत्यादि वास्तूच्या विक्रीचा विधि सांगितला आहे. खरेदीचा पहिला हक्क ज्ञातींचा, त्यानंतर शेजाऱ्यांचा, मग धनकोंचा व अखेर इतरांचा. शेजारच्या चाळीस कुळांसमक्ष त्या घरापुढें विक्री पुकारावी. जाणत्या वृद्धांदेखत सीमा जशा असतील तशा सांगाव्या. 'या किंमतीस कोण घेतो' असें तीनदां पुकारावें. कोणी हरकत न घेतल्यास घेणारानें घ्यावें. चढाओढीनें किंमत वाढली तर वाढलेली रक्कम शुल्कासह राजाच्या कोशांत जावी.

या विधींत दोन गोष्टी लक्षांत घेण्याजोग्या आहेत. विक्री होते ती वस्तु ओळखणाऱ्या माणसांसमक्ष होते, ही एक. आणि बोली सुरू होण्यापूर्वीं वस्तूच्या सीमा उच्चारून सांगाव्या लागतात, ही दुसरी. म्हणजे जो माल विकावयाचा तो नेमका कोणता, याविषयीं साक्ष आधीं आणि किंमत मागाहून. जाणते शेजारी हीच त्या विक्रीची खातरजमा होती.

युरोपांतील लिलावगृहांत हे शेजारी नाहींत. विकणाराचें नांव पुष्कळदां झांकलेलें असतें व घेणाराचेंहि. चाळीस कुळांची जागा तेथें छापील यादीनें घेतली आहे. सोथबी या पेढीचा आरंभच पुस्तकांच्या विक्रीनें झाला. १७४४ च्या मार्च महिन्यांत लंडनच्या साम्युएल बेकर नांवाच्या ग्रंथविक्रेत्यानें एका गृहस्थाचा ग्रंथसंग्रह लिलावानें विकला, तेंच तिचें मूळ होय. त्याच महिन्यांत इकडे बंगालमध्यें पहिल्या रघोजींचे सेनापति भास्कर राम यांस अलीवर्दीखानानें भेटीस बोलावून दग्यानें ठार मारिलें. या दोन गोष्टींचा परस्पर कांहीं संबंध नव्हता. पण ज्या धन्याच्या चाकरींत भास्करपंत पडले, त्याच्या नांवाची तरवार पुढें २८१ वर्षांनीं त्याच पेढीच्या मेजावर आली, हें कालानुक्रम जुळविणाराच्या नजरेस आल्याशिवाय राहत नाहीं.

३

आतां प्रत्यक्ष तरवारीकडे वळूं. ती मराठ्यांच्या फिरंग जातीची आहे. पातें सरळ, एकधारी व युरोपांत घडविलेलें. त्यावर तिकडील कारागिराचें नांव आहे. मूठ मुल्हेरी असून तिजवर सोन्याचें काम आहे. परदेशी पातें आणि देशी मूठ असा हा संयोग मराठ्यांच्या सरदारवर्गांत मान्य होता. फिरंग या नांवांतच पात्याचें मूळ सांगितलेलें आहे. पात्याच्या पाठीवर मुठीजवळ देवनागरी अक्षरांत सोन्यानें कोरलेला लेख असा:

'श्रीमंत रघोजी भोसले सेनासाहेबसुभा फिरंग.'

लेख लहान आहे, पण त्याचें मोल मोठें आहे. तो नसता तर ही तरवार अनेक फिरंगींतील एक अनाम फिरंग ठरली असती. लेखांत नांवाचें रूप 'रघोजी' असें आहे. आज आपण 'रघुजी' लिहितों. किताब 'सेनासाहेबसुभा' असा पूर्ण आहे. हा किताब सातारच्या छत्रपतींकडून या घराण्यास मिळालेला होता. शेवटचें पद शस्त्राची जात सांगतें. दौलतींतील शस्त्रावर धन्याचें नांव, अधिकार व वस्तूची जात, इतकें तिन्ही एका ओळींत आल्यामुळें हा लेख सिलेखान्यांतील नोंदीसारखाच वाचतां येतो.

तथापि येथेंच एक सावधगिरी राखली पाहिजे. सेनासाहेबसुभा हा किताब पहिल्या रघोजींपुरता नव्हता. तो घराण्यांत पुढें चालला. दुसरे रघोजी (मृत्यु १८१६) हेहि रघोजी भोसलेच व सेनासाहेबसुभाच. तेव्हां लेखांतील शब्द तेवढे घेतले तर ते आजोबासहि लागू पडतात आणि नातवासहि. १७४० त कर्नाटकांत उतरणारे, १७४१ त त्रिचनापल्ली घेणारे, १७५१ च्या तहानें ओढ्या प्रांत व बंगालच्या चौथाईबद्दल दरसाल १२ लक्ष रुपये मिळविणारे आणि १७५५ त वारलेले पहिले रघोजी एकीकडे. १८०३ त असई व आडगांव येथें इंग्रजांशीं लढून देवगांवच्या तहावर सही करणारे दुसरे रघोजी दुसरीकडे. दोघांमध्यें अर्ध्या शतकाचें अंतर आहे. पात्याची घडण, मुठीचा घाट व नक्षी पहिल्या रघोजींच्या काळाकडे बोट दाखवितात असें तज्ज्ञांचें मत असेल, तर तें विचारांत घेतलेंच पाहिजे. परंतु जुनें पातें नव्या मुठींत बसविण्याची आणि आजाच्या तरवारीवर नातवानें आपलें नांव घालण्याची चाल आपल्याकडे अपरिचित नाहीं. म्हणून घडणीवरून पात्याचा काळ ठरतो, लेखाचा ठरतोच असें नाहीं.

याचा निर्णय कशानें व्हावा? अक्षरांच्या वळणाची तुलना हा एक मार्ग. दुसरा, आणि अधिक भरंवशाचा, म्हणजे नागपूरच्या सिलेखान्याच्या याद्या. शस्त्रांच्या याद्यांत शस्त्राची जात, मूठ, म्यान, सोन्याचें काम व कोणाकडून आलें हें नोंदण्याचा प्रघात असे. अशा यादींत या वर्णनाची फिरंग सांपडली तर वाद मिटेल. पण येथें आपण त्या घराण्याच्या पहिल्या लिलावाशीं येऊन पोंचतों.

४

तरवार हिंदुस्थानाबाहेर केव्हां गेली, यासंबंधीं सरकारी निवेदनांत १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईकडे अंगुलिनिर्देश केला आहे. ता. २६ व २७ नोव्हेंबर १८१७ रोजीं सीताबर्डीच्या टेकड्यांवर लढाई झाली. डिसेंबरांत नागपूर शहर इंग्रजांच्या हातीं आलें. आणि त्या मोहिमेंतील लूट 'दख्खनची लूट' या नांवानें पुढें कित्येक वर्षें विलायतेंत वांटणीच्या तंट्यांत पडली. त्या वेळीं ती गेली असणें अशक्य नाहीं. पण नजराणा म्हणून जाणें हीहि एक वाट होती. आणि तिसरी वाट १८५४-५५ सालांतील जप्तीची. अनुमान करतांना या तिन्ही वाटा खुल्या ठेवल्या पाहिजेत.

तिसऱ्या रघोजींचा अंत ता. ११ डिसेंबर १८५३ रोजीं झाला. त्यांस औरस पुत्र नव्हता. लॉर्ड डलहौसीनें दत्तकाचा हक्क न मानतां १८५४ सालीं राज्य खालसा केलें. त्यानंतर राजवाड्यांतील चीजवस्तूची जी वासलात लागली, तिची हकीकत १८५७ च्या बंडाचा इंग्रज इतिहासकार के यानें लिहून ठेविली आहे, व ती आपल्या लोकांस लाजविण्यासाठीं नव्हे, तर आपल्याच सरकारच्या कृत्याबद्दल खेद वाटून लिहिली आहे. भोसल्यांचे हत्ती, घोडे व बैल सीताबर्डीस पुकारून विकले. त्यांस मातीमोल किंमत आली. दुसऱ्या रघोजींच्या वृद्ध विधवा बाकाबाई यांनीं वाड्यांतील सामान हलविल्यास वाड्यास आग लावीन, अशी धमकी दिली. तरीहि सामान हललें. जवाहिर बहुतेक कलकत्त्यास रवाना झालें, व १८५५ सालीं तेथील हॅमिल्टन कंपनी नांवाच्या जवाहिऱ्यांनीं 'नागपूरच्या जवाहिरा'च्या जाहीर विक्रीची जाहिरात दिली. आलेला पैसा भोसल्यांच्या कुटुंबाच्या निर्वाहासाठीं म्हणून एका फंडांत घालण्यांत आला. ज्यांची वस्तु त्यांच्याच पोषणासाठीं ती विकली, हें त्यावरचें सरकारी समर्थन.

बाकाबाईंच्या धमकीकडे केवळ एका मानी स्त्रीचा संताप म्हणून पाहूं नये. घर, कोठी, वस्तु आणि वस्तु ओळखणारीं माणसें हीं एकत्र असतात तोंवर प्रत्येक वस्तूची हकीकत जिवंत असते. हा हार कोणत्या लग्नांतला, ही तरवार कोणत्या स्वारींतली, हें वाड्यांतील वृद्ध माणूस सांगूं शकतें. वस्तु हलल्या कीं ती साक्ष नाहींशी होते. सीताबर्डीस जमलेल्या खरेदीदारांस हत्तीची उंची कळत होती. तो कोणत्या राजाचा स्वारीचा हत्ती, हें कळण्याची त्यांस गरज नव्हती. कौटिल्याच्या विधींतील चाळीस कुळें येथें बाजूस सारलीं गेलीं, आणि किंमत तेवढी राहिली.

५

साक्ष नाहींशी होते म्हणजे काय होतें, याचें ठळक उदाहरण नाशिकच्या नांवानें जगास ठाऊक झालेल्या 'नासक' हिऱ्याचें आहे. ता. ३ जून १८१८ रोजीं दुसरे बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाले. पेशव्यांच्या जवाहिरांतील हा हिरा दख्खनच्या लुटींत धरला जाऊन लंडनला गेला, आणि रंडेल व ब्रिज या जवाहिऱ्यांकडे आला. त्यांनीं त्यास पुन्हां पैलू पाडले. सुमारें ९० कॅरटांचा हिरा ८० कॅरटांच्या घरांत आला. १८३७ च्या जुलै महिन्यांत तो लंडनच्या लिलावांत निघाला व ७,२०० पौंडांस वेस्टमिन्स्टरच्या मार्क्विसनें घेतला. पुढें त्या घराण्यांत तो दरबारी तरवारीच्या मुठीवर बसविला गेला. १९२७ सालीं तो अमेरिकेंत नेतांना 'प्राचीन कलावस्तु' म्हणून जकातमाफी मिळावी कीं नाहीं, यावरून न्यायालयांत वाद झाला. १९४० सालीं न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टननें त्यास पुन्हां पैलू पाडून ४३.३८ कॅरटांचा चौकोनी घाट दिला. १९७० सालीं न्यूयॉर्क येथें तो पुन्हां लिलावांत निघाला, व पांच लक्ष डॉलरांस गेला.

या हकीकतींत नांव टिकलें, वस्तु मात्र अर्धी उरली. उद्यां पेशव्यांच्या जवाहिरखान्याची यादी कोणा संशोधकास मिळाली व तींत या हिऱ्याचें वजन आणि घाट अचूक नोंदलेला असला, तरी आजच्या हिऱ्याशीं तो ताडून पाहण्याचें साधन राहिलेलें नाहीं. हिऱ्यावर लेख नसतो. त्याचा घाट हाच त्याचा लेख, आणि तो दोनदां पुसला गेला. त्र्यंबकेश्वराच्या देवस्थानाशीं या हिऱ्याचा संबंध जोडणारी आख्यायिका विक्रीच्या वर्णनांतून अधिकाधिक रंगत गेली. किंमत वाढविण्यास ती उपयोगी पडते. फिरंगेची गोष्ट याहून वेगळी. तिच्यावरील एक ओळ कोणी घांसून काढली नाहीं, म्हणूनच तिच्याविषयीं वाद तरी करतां येतो.

६

पोथ्यांच्या बाबतींत ही हानि अधिक होते, कारण पोथी फोडून विकतां येते. इराणचा शाह तह्मास्प याच्यासाठीं सोळाव्या शतकांत तयार झालेल्या शाहनाम्याच्या प्रतींत २५८ चित्रें होतीं. १९५९ सालीं ती प्रत हूटन नामक अमेरिकन संग्राहकानें घेतली व तिची बांधणी सुटली. ७८ चित्रें न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयास मिळालीं. १९७६ पासून कांहीं पानें लंडनच्या लिलावांत एकेक करून गेलीं. उरलेली प्रत ११८ चित्रांसह १९९४ सालीं, एका आधुनिक चित्राच्या बदल्यांत, इराणास परत मिळाली. २०२२ सालीं तिच्याच एका पानास लंडन येथें ८० लक्ष पौंडांहून अधिक किंमत आली. पान विकत घेणारास चित्र मिळालें. पण कोणतें पान कोणत्या पानापुढें होतें, मजकूर कोठें तुटला, हें जुळविण्याचें काम पंडितांच्या माथीं आलें.

आपल्याकडील सचित्र पोथ्यांची अवस्था याहून वेगळी नाहीं. चित्राचें पान बाजारांत जातें. शेवटचें पान, ज्यावर लेखकाचें नांव, गांव, शक व तिथि असते, तें बिनचित्राचें म्हणून कोणी घेत नाहीं. संशोधकाच्या दृष्टीनें पुष्पिकेचें तें एक पान कित्येकदां सर्व चित्रांहून मोलाचें असतें, कारण चित्राचा काळ ठरतो तो तिच्यावरून. जो संग्राहक पोथी फोडूं देत नाहीं, तो ग्रंथाबरोबर त्याचा जन्मदाखलाहि राखतो.

७

कागद असला म्हणजे काय साधतें, याचें उदाहरणहि त्याच २०२५ सालीं घडलें. पिप्रावा येथील स्तूपांत १८९८ सालीं मिळालेलीं बुद्धधातूंबरोबरचीं रत्नें सोथबीकडून हाँगकाँग येथें ७ मे रोजीं विकलीं जावयाचीं होतीं. तीं कोणी, कोठें व कोणत्या सालीं उकरून काढलीं याचा छापील वृत्तान्त उपलब्ध होता. त्या आधारावर भारत सरकारनें कायदेशीर नोटीस दिली, लिलाव तहकूब झाला, व ३० जुलै रोजीं रत्नें भारतांत आलीं. अखेरीस एका भारतीय उद्योगसमूहाच्या द्रव्यसाहाय्यानें हें घडलें, हें खरें. परंतु बोली पुकारली जाण्यापूर्वीं हक्क सांगतां आला तो उत्खननाच्या नोंदींमुळें. फिरंगेच्या बाबतींत इतरांबरोबर बोलीच बोलावी लागली.

आपल्या देशांतील १९७२ चा पुरावस्तु व कलानिधि यांसंबंधींचा कायदा शंभर वर्षांहून जुन्या वस्तूस आणि पंचाहत्तर वर्षांहून जुन्या हस्तलिखितास लागू आहे. खासगी व्यक्तीस त्या परदेशीं पाठवितां येत नाहींत. त्यांचा व्यापार करणारास परवाना लागतो. हा कायदा पुढील गळती थांबवितो. १८१८ किंवा १८५५ सालीं जें गेलें त्यास तो पोंचत नाहीं. त्या वस्तु परत आणण्यास एकतर द्रव्य पाहिजे, नाहींतर पुरावा. द्रव्य जमविणें आपल्यासारख्यांच्या हातीं नाहीं. पुरावा जमविणें आहे.

तेव्हां तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, मराठ्यांच्या इतिहासाशीं संबंध असलेली वस्तु ज्या ज्या लिलावयादींत आली असेल, त्या यादीची प्रत मिळवून व्यक्ति, गांव, किताब व लेख यांच्या अनुक्रमानें एक सूची तयार करावी. विकली गेलेली वस्तु पुन्हां दृष्टीस पडेलच असें नाहीं. तिचें वर्णन, माप व छायाचित्र मात्र यादींत राहतें. दुसरी, सिलेखाना, जामदारखाना व जवाहिरखाना यांच्या ज्या याद्या दफ्तरांत आहेत, त्या राजकारणाच्या पत्रांइतक्याच आस्थेनें छापाव्या. 'फिरंग एक, मूठ मुल्हेरी, सोनेरी काम' अशी एक रूक्ष ओळ उद्यां मोठ्या वादाचा निकाल करील. तिसरी, ज्यांच्या घरीं जुनें शस्त्र, नाणें किंवा पोथी आहे, त्यांनीं तिच्याबरोबरचा रुमाल, चिठ्ठी, पावती, वडिलांनीं सांगितलेली हकीकत हें सर्व त्या वस्तूच्या शेजारींच लिहून ठेवावें, आणि वस्तु दुसऱ्यास दिली तर कागदहि द्यावा.

नागपूरच्या वाड्यांतून सामान हललें तेव्हां याद्या करणारे कारकून होतेच. त्या याद्यांतील एखादी नागपूर, मुंबई, कलकत्ता वा लंडन येथील दफ्तरांत आजहि पडून असणें असंभवनीय नाहीं. फिरंग आतां महाराष्ट्रांत आहे. ती पहिल्या रघोजींची कीं दुसऱ्या, हें निश्चित करून देणें हें या विषयाच्या अभ्यासकांकडे आलेलें काम आहे.